‘सोम्यागोम्या’चे वक्तृत्व : जान्नीनी यांचे साप्ताहिक, त्यांचा पक्ष आणि लोकवादी भाषेची घडण

१. विषयाची मर्यादा आणि संज्ञा

राजकीय भाषणे, जाहीरनामे आणि पक्षांची मुखपत्रे ही साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेरची सामग्री होय, असा समज मराठीच्या अध्यापनात दीर्घकाळ रूढ आहे. वस्तुतः ॲरिस्टॉटलने वक्तृत्वाचे जे शास्त्र मांडले, त्याचा पाया न्यायसभा, लोकसभा आणि समारंभ यांतील भाषणांवरच आधारलेला होता. आपल्याकडील अलंकारशास्त्राने काव्य हा विषय मानला. तथापि उक्तीच्या वक्रतेचे जे सूक्ष्म वर्गीकरण त्याने केले, ते काव्येतर भाषेलाही लागू पडते. या दोन्ही परंपरांच्या साहाय्याने एका अल्पायुषी राजकीय पक्षाच्या भाषेचे परीक्षण करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा पक्ष म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इटलीत उदयास आलेला ‘लुओमो क्वालुंक्वे’ हा होय. तो एका नाटककाराने स्थापन केला आणि तो प्रथम साप्ताहिक होता, नंतर पक्ष झाला, या दोन कारणांमुळे साहित्याच्या अभ्यासकाला त्याचे विशेष महत्त्व वाटावे.

प्रारंभी संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. मराठी वृत्तपत्रांत ‘लोकानुनय’ हा शब्द बहुधा मतदारांना सवलती वाटण्याच्या धोरणासाठी योजला जातो. येथे अभिप्रेत असलेला अर्थ त्याहून निराळा आहे. समाजाचे ‘निर्मळ जनता’ आणि ‘भ्रष्ट वरिष्ठ वर्ग’ असे दोनच भाग पडतात आणि राजकारण हे केवळ जनतेच्या इच्छेचा आविष्कार असले पाहिजे, अशी धारणा कास मुड्डे यांनी २००४ मध्ये या प्रवृत्तीचे लक्षण म्हणून सांगितली. या अर्थी प्रस्तुत लेखात ‘लोकवाद’ हा शब्द वापरला आहे. एर्नेस्तो लाक्लाउ यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘जनता’ ही आधीपासून अस्तित्वात असलेली वस्तू नसून ती बोलण्यातून घडविली जाते, असे प्रतिपादन केले. हे मत स्वीकारले तर लोकवादाचा अभ्यास हा प्रथमतः भाषेचा अभ्यास ठरतो.

२. पार्श्वभूमी

गुल्येल्मो जान्नीनी (१८९१–१९६०) यांचा जन्म नेपल्सजवळील पोत्सुओली येथला. पत्रकार, लोकप्रिय सुखान्तिकांचे व रहस्यनाट्यांचे लेखक आणि चित्रपट-दिग्दर्शक असा त्यांचा लौकिक होता. त्यांचा तरुण मुलगा १९४२ मध्ये लष्करी सेवेत असताना मरण पावला. या आघाताचा ठसा त्यांच्या पुढील लेखनावर उमटलेला आहे. ‘युद्धे पुढारी पुकारतात आणि मरतात ती इतरांची मुले’ हा त्या लेखनामागील मूळ भाव होय.

रोम ४ जून १९४४ रोजी मुक्त झाले. उत्तर इटली मात्र एप्रिल १९४५ पर्यंत जर्मनांच्या ताब्यात होती. मुक्त प्रदेशाचा कारभार फॅसिस्टविरोधी सहा पक्षांच्या समितीच्या आधारे चालत होता. अन्नटंचाई, भाववाढ आणि काळा बाजार यांनी नागरी जीवन हैराण झाले होते. त्यातच फॅसिस्ट राजवटीशी संबंधित नोकरदारांना दूर करण्याची शुद्धीकरण-मोहीम सुरू झाली. फॅसिस्ट राजवट दोन दशके टिकलेली असल्यामुळे पक्षाचे सभासदत्व हे अनेक कनिष्ठ नोकरदारांच्या दृष्टीने उपजीविकेची अट ठरले होते. अशा लक्षावधी कुटुंबांवर चौकशीची छाया पडली. दक्षिणेने सशस्त्र प्रतिकाराचा उत्तरेसारखा अनुभव घेतलेला नव्हता. त्यामुळे नव्या पक्षांचा नैतिक अधिकार तेथे आपोआप मान्य होण्यासारखी स्थिती नव्हती.

या वातावरणात २७ डिसेंबर १९४४ रोजी रोममध्ये जान्नीनी यांच्या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. आरंभी २५,००० प्रती छापल्या गेल्या. काही महिन्यांतच खप लाखांच्या घरात गेला. वाचकांची मंडळे ठिकठिकाणी उभी राहिली आणि १९४६ च्या फेब्रुवारीत पक्षाचे पहिले अधिवेशन भरले. २ जून १९४६ रोजी झालेल्या संविधानसभेच्या निवडणुकीत पक्षाला सुमारे १२ लाख मते, म्हणजे ५.३ टक्के, आणि ५५६ पैकी ३० जागा मिळाल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील नगरपालिका निवडणुकांत रोम आणि दक्षिणेतील शहरांत पक्षाने याहून मोठी मजल मारली. कडेला उभ्या असलेल्या एका पक्षाने दोन वर्षांत एवढे यश मिळवावे, हे केवळ परिस्थितीने उलगडत नाही. परिस्थितीने असंतोष निर्माण केला. त्या असंतोषाला वाणी मिळाली ती साप्ताहिकाच्या भाषेतून.

३. वक्तृत्वाची तंत्रे

(अ) नावाची निवड. ‘क्वालुंक्वे’ या इटालियन विशेषणाचा अर्थ ‘कोणताही’ असा आहे. परंतु माणसाच्या संदर्भात त्याला ‘ज्याची दखल घेण्याचे कारण नाही असा’ अशी हीनत्वाची छटा येते. मराठीत ‘सामान्य माणूस’ या भारदस्त शब्दापेक्षा ‘सोम्यागोम्या’ किंवा ‘ऐरागैरा’ हे शब्द त्याला अधिक जवळचे आहेत. वरिष्ठांनी तुच्छतेने वापरावा असा शब्द जान्नीनी यांनी स्वतःच बिरुदासारखा मिरवला. अपमान स्वीकारून त्याचा मान करण्याची ही रीत परिणामकारक ठरते. कारण ज्याला कोणी विचारत नाही, त्याला ‘तुला कोणी विचारत नाही’ असे सांगणारा पहिला मनुष्य आपला वाटतो. साप्ताहिकाच्या बोधचित्रात एक लहानसा माणूस दाबयंत्रात पिळला जात असल्याचे दाखविलेले असे. पिळणारा कोण, हे चित्रात ठरवून टाकण्याची गरज नव्हती. तो हात करवसुली अधिकाऱ्याचा, साम्यवाद्याचा की धनिकाचा, हे प्रत्येक वाचकाने आपापल्या अनुभवाने ठरवावे. लाक्लाउ ज्याला रिकामे चिन्ह म्हणतात, त्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

(आ) शत्रूचे नामकरण. ‘व्यावसायिक राजकारणी पुरुष’ या अर्थाच्या तीन इटालियन शब्दांची आद्याक्षरे घेऊन जान्नीनी यांनी ‘उप्प’ असा शब्द तयार केला. उच्चारताच हसू यावे असा हा ध्वनी आहे. या एका शब्दाने उदारमतवादी, समाजवादी, साम्यवादी आणि फॅसिस्ट हे सर्व एका पंक्तीत बसविले. फॅसिस्टांनी छळ केला आणि फॅसिस्टविरोधी आता छळ करतात. फरक केवळ गणवेशाचा, हा त्यातील युक्तिवाद होय. तर्कदृष्ट्या येथे एक गंभीर चूक आहे. छळणारा आणि त्या छळाची चौकशी करणारा यांना ‘राजकारणी’ या समान नावाखाली आणले, की त्यांच्या कृत्यांतील भेद नाहीसा होतो. भाषेच्या पातळीवर ही केवळ शब्दबचत दिसते; नीतीच्या पातळीवर ती स्मृतिलोप ठरते.

(इ) सभंग श्लेष. साप्ताहिकात ‘गांधीलमाशा’ अशा अर्थाच्या नावाचे सदर असे. त्यात छोट्या, डंख करणाऱ्या टिपा येत. त्यांचे आवडते साधन म्हणजे विशेषनामांची मोडतोड. आपल्या अलंकारशास्त्रात शब्द फोडून दुसरा अर्थ काढण्याला सभंग श्लेष म्हणतात. जान्नीनी यांची पद्धत त्याच्या निकटची आहे. साल्वातोरेल्ली या आडनावात ‘तारणहार’ या अर्थाचा शब्द दडलेला आहे. तो बदलून त्यांनी ‘सेर्वितोरेल्ली’ केले, म्हणजे तारणहाराचा चाकर झाला. विन्चिगेर्रा या आडनावाचा अर्थ ‘युद्ध जिंकणारा’ असा लागतो. त्याचे ‘पेर्दिगेर्रा’, म्हणजे ‘युद्ध हरणारा’, असे रूपांतर झाले. विधिज्ञ कालामान्द्रेई यांच्या नावात तर विष्ठावाचक बालभाषेचा शब्द घुसडण्यात आला. १९४५ च्या जून ते डिसेंबर या काळात पंतप्रधान असलेले फेर्रुच्चो पार्री ‘फेस्सुच्चो पार्मी’ झाले. यात ‘बावळट’ आणि ‘मला वाटते’ या दोन्ही अर्थांचे मिश्रण आहे.

या विनोदाचा परिणाम दुहेरी आहे. एका बाजूला अधिकारपदाचा दरारा उतरतो आणि भयभीत वाचकाला हसण्याने धीर येतो. हास्याचे हे मुक्तिदायी कार्य नाकारता येणार नाही. दुसऱ्या बाजूला हा श्लेष ज्यांच्यावर झाला ते कोण होते, हेही पाहिले पाहिजे. विन्चिगेर्रा आणि पार्री या दोघांनीही फॅसिस्ट राजवटीत कारावास भोगला होता. नाव मोडले की त्या नावामागील चरित्रही मोडते. वाचकाच्या ध्यानात पार्री यांचा तुरुंगवास राहत नाही, विकृत केलेले नाव राहते. विडंबन आणि निर्भर्त्सना यांच्यातील सीमारेषा नेमकी येथे आहे. विडंबन मूळ कृतीची आठवण जागी ठेवते आणि तिच्यावरच जगते. निर्भर्त्सना मूळ व्यक्ती पुसून टाकते.

(ई) अपह्नुती. ‘हे हे नव्हे, ते आहे’ असे म्हणून प्रस्तुताचा निषेध करणे आणि अप्रस्तुताची स्थापना करणे, हे अपह्नुती अलंकाराचे लक्षण होय. लोकवादी पक्षांच्या आत्मवर्णनाचा हा प्रमुख अलंकार आहे. हा पक्ष नव्हे, ही पक्षांना कंटाळलेली माणसे आहेत. हा पुढारी नव्हे, हा एक लेखक आहे. हे राजकारण नव्हे, ही व्यवहारबुद्धी आहे. अशा विधानांतून वक्त्याचे शील, म्हणजे ॲरिस्टॉटलने सांगितलेल्या तीन प्रमाणांपैकी पहिले, सिद्ध होते. वक्ता अननुभवी आहे हा आक्षेप त्यामुळे आधीच निष्प्रभ होतो, कारण अननुभव हीच त्याची पात्रता ठरलेली असते. काव्यात अपह्नुतीचा निषेध खरा नसतो, हे रसिकाला ठाऊक असते. राजकीय सभेत श्रोत्याने तो खरा मानावा अशी अपेक्षा असते. एकच अलंकार दोन ठिकाणी दोन प्रकारचा करार करतो.

(उ) हिशेबनीसाची प्रतिमा. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ला फोल्ला’ (गर्दी) या ग्रंथात जान्नीनी यांनी आपली भूमिका विस्ताराने मांडली. सहा हजार वर्षांचा इतिहास हा बहुसंख्य गर्दी आणि तिच्या मानेवर बसलेले मूठभर सत्ताकांक्षी यांच्यातील झगडा आहे, असा त्याचा आशय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुस्ताव्ह ल बाँ यांनी गर्दी ही विवेकशून्य शक्ती मानली होती. जान्नीनी यांनी तीच संज्ञा उचलून तिचे मूल्य उलटे केले. त्यांच्या मते शासन ही निव्वळ कारभाराची बाब आहे. त्यासाठी एक चांगला हिशेबनीस पुरे. त्याने १ जानेवारीस कामावर यावे, ३१ डिसेंबरला जावे आणि त्याची पुन्हा निवड होऊ नये.

ही प्रतिमा मोहक आहे, कारण ती घरगुती आहे. प्रत्येक कुटुंबाला जमाखर्च ठाऊक असतो. परंतु हिशेब नीट ठेवणे आणि पैसा कोणाकडून घेऊन कोणासाठी खर्चावा हे ठरविणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. दुसऱ्या क्रियेत मूल्यांचा संघर्ष असतो. तो संघर्ष म्हणजेच राजकारण. हिशेबनीसाच्या प्रतिमेने हा संघर्ष दृष्टीआड होतो. शेतमजूर आणि जमीनदार, दक्षिण आणि उत्तर यांचे हितसंबंध जणू एकाच वहीत आपोआप जुळतील, असा भास निर्माण होतो.

४. आवाहन कोणाला आणि का

या भाषेचे आवाहन केवळ फसवणुकीवर आधारलेले होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यामागे तीन खऱ्या गोष्टी होत्या. शुद्धीकरणाची मोहीम असमान होती. लहान कारकुनाला जाच झाला आणि अनेक मोठे अधिकारी सुटले, ही तक्रार निराधार नव्हती. दुसरे असे की, नव्या पक्षांची भाषा शहरी, सुशिक्षित आणि तत्त्वजड होती. ज्याच्या घरात पीठ नाही त्याला ती परकी वाटे. तिसरे, फॅसिस्ट राजवटीने दोन दशके नागरिकाला सतत मिरवणुकीत उभे केले होते. त्याला आता कोणत्याही ध्वजाखाली उभे राहावयाचे नव्हते. ‘आम्हाला सुखाने राहू द्या’ ही मागणी वीररसाची नसली तरी मानवी आहे. मार्गारेट कॅनोव्हन यांनी १९९९ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे लोकशाहीचे एक मुख व्यवहाराचे आणि दुसरे उद्धाराच्या आश्वासनाचे असते. या दोहोंतील अंतर वाढले की त्या फटीत लोकवाद उगवतो. जान्नीनी यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी उद्धाराचे आश्वासन न देता उद्धारकांपासून सुटकेचे आश्वासन दिले.

५. फ्रान्समधील समांतर उदाहरण

एक दशकानंतर फ्रान्समध्ये पिएर पूजाद यांची चळवळ उभी राहिली. लो प्रांतातील सँ-सेरे या गावी कागद-पुस्तकांचे दुकान चालविणाऱ्या पूजाद यांनी जुलै १९५३ मध्ये कर-तपासनीसांना अडविण्यासाठी दुकानदारांना एकत्र केले. २ जानेवारी १९५६ च्या निवडणुकीत त्यांच्या यादीला ११.६ टक्के मते आणि ५२ जागा मिळाल्या. त्यांपैकी काही निवडी पुढे रद्द झाल्या. सत्तेवर असलेल्या सर्वांना घालवा, ही त्यांची मुख्य घोषणा होती. निवडून आलेल्यांत तरुण झां-मारी ल पेन हेही होते. १९५८ पर्यंत ही चळवळ ओसरली.

साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, रोलाँ बार्त यांनी पूजाद यांच्या भाषेवर दोन निबंध लिहिले. ते १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मितोलोजी’ या संग्रहात समाविष्ट आहेत. बार्त यांचे निरीक्षण असे की, या भाषेत जग म्हणजे देण्याघेण्याची बरोबरी असते. टोल्याला टोला, रकमेला रक्कम. पुनरुक्ती हे तिचे प्रमाण असते: ‘सरळ बुद्धी ती सरळ बुद्धी’. जे मोजता येत नाही ते बुद्धिजीवींचे थोतांड ठरते. जान्नीनी यांचा हिशेबनीस आणि पूजाद यांचा दुकानदार यांचे नाते येथे स्पष्ट होते. मात्र दोघांत फरकही आहे. जान्नीनी यांच्या शत्रूची व्याख्या धंद्यावरून होती. पूजाद यांच्या भाषणांत पंतप्रधानपद भूषविलेल्या मांदेस-फ्रान्स यांच्यावर हल्ला करताना ज्यूद्वेषाची सूचना डोकावे. ‘वरिष्ठ’ या रिकाम्या जागेत पुढे ‘परके’ बसविणे किती सोपे असते, याचा हा पुरावा होय.

६. ऱ्हासाचे वक्तृत्वशास्त्रीय कारण

जान्नीनी यांच्या पक्षाचा अस्त उदयाइतकाच वेगवान होता. १९४७ च्या सुमारास त्यांनी साम्यवादी पुढारी तोल्यात्ती यांच्याशी जाहीर संवाद साधला. त्यानंतर दे गास्पेरी यांच्या सरकारला आधार दिला. दोन्ही वेळा अनुयायांत फूट पडली. २६ डिसेंबर १९४६ रोजी स्थापन झालेल्या नवफॅसिस्ट पक्षाने एक गट ओढून घेतला. १८ एप्रिल १९४८ च्या निवडणुकीत उदारमतवाद्यांसह केलेल्या आघाडीला ३.८ टक्केच मते मिळाली. साम्यवादाच्या भीतीने धास्तावलेला मतदार ख्रिस्ती लोकशाही पक्षाकडे वळला होता.

इतिहासकार याची कारणे अर्थबळ, धर्मसंस्था आणि शीतयुद्ध यांत शोधतात. ती योग्यच आहेत. परंतु भाषेच्या अंगानेही एक कारण दिसते. दाबयंत्रात पिळलेल्या माणसाच्या चित्राखाली सर्व जण एकत्र येऊ शकत होते, कारण पिळणारा अनुक्त होता. तोल्यात्तींशी बोलताच ‘तो साम्यवादी नव्हे’ असे सूचित झाले. दे गास्पेरींना पाठिंबा देताच ‘तो सरकार नव्हे’ असे ठरले. अनुक्त उक्त झाले आणि एकी संपली. शिवाय संसदेत तीस माणसे बसविल्यावर ‘आम्ही राजकारणी नव्हे’ ही अपह्नुती टिकणे शक्य नव्हते. उपहास हा ज्या पक्षाचा एकमेव प्राण, त्याला होकार उच्चारणे मानवत नाही.

त्या पक्षाचा चिरंजीव वारसा एक शब्द आहे. ‘क्वालुंक्विझ्मो’ हा शब्द इटालियन भाषेत आजही सार्वजनिक जबाबदारीविषयीची बेफिकिरी, ‘सगळे सारखेच’ म्हणून हात झटकण्याची वृत्ती, या निंदाव्यंजक अर्थाने वापरला जातो. ज्या शब्दातील अवहेलना जान्नीनी यांनी पुसू पाहिली, ती त्यांच्यामुळेच त्याला कायमची चिकटली.

७. मराठीच्या अभ्यासकासाठी

नाटककार, विडंबनकार, साप्ताहिकाचा आणि पुढे दैनिकाचा संपादक अशी वाटचाल मराठी वाचकाला आचार्य अत्रे यांच्यामुळे परिचित आहे. ‘नवयुग’ आणि १९५६ पासूनचा ‘मराठा’ यांतील त्यांची उपहासप्रधान, अनेकदा मर्यादा ओलांडणारी शैली जान्नीनी यांच्याशी ताडून पाहण्याचा मोह होतो. साम्य आहे ते साधनांचे. भेद आहे तो साध्याचा. अत्रे यांचा उपहास संयुक्त महाराष्ट्राच्या निश्चित, सीमांकित आणि पूर्ण झाली की नाही हे तपासता येईल अशा मागणीशी बांधलेला होता. १ मे १९६० रोजी त्या मागणीचा मोठा भाग साध्य झाला. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्र समितीची एकजूट विसकटली हे खरे. पण ती एक राज्य मागे ठेवून विसकटली. तेव्हा उपहासाची भाषा वापरली म्हणून एखादी चळवळ लोकवादी ठरत नाही. त्या उपहासाच्या पलीकडे तपासता येण्याजोगे विधान आहे काय, हा निकष अधिक विश्वसनीय आहे.

या विवेचनावरून वर्गात कोणत्याही काळातील, कोणत्याही पक्षाचे भाषण वाचताना पुढील प्रश्न विचारता येतील. ‘जनता’ या शब्दात कोणाला घेतले आहे व कोणाला वगळले आहे? शत्रूच्या नावाखाली कोणकोणते भिन्न लोक एकत्र केले आहेत? विनोदाने लक्ष्याचे कृत्य उघड होते की त्याचे चरित्र पुसले जाते? वक्ता स्वतःविषयी जो निषेध उच्चारतो, तो खरा मानावयाचा आहे काय? घरगुती प्रतिमेमागे कोणता संघर्ष झाकला आहे? आणि अखेरीस, या सर्व भाषेच्या मुळाशी कोणते खरे गाऱ्हाणे आहे?

यांतील शेवटचा प्रश्न बहुधा सुशिक्षित वाचक टाळतो. अलंकार ओळखला की आशय खोटा ठरला, असे त्याला वाटते. १९४४ ते १९४८ या काळातील इटलीचा अनुभव असे सांगतो की, जान्नीनी यांच्या मतदाराला अडाणी म्हणून हिणविणाऱ्या विद्वानांनी त्याचे ‘सोम्यागोम्या’पण अधिक दृढ केले आणि साप्ताहिकाला पुढच्या अंकाचा मजकूर पुरविला. भाषेचे विश्लेषण आणि गाऱ्हाण्याची दखल ही दोन्ही कामे बरोबरीने होणे आवश्यक आहे. पहिले काम साहित्याच्या शिक्षकाच्या अधिकारातील आहे. दुसऱ्याची आठवण करून देणेही त्याच्या कर्तव्यात मोडते.